कर्ता कोण? कोसळणाऱ्या यंत्रणा आणि गीतेची पाच कारणं

गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या डेटाबेसवर अचानक ताण आला. स्पॅम करणाऱ्यांचा उपद्रव हे त्याचं एक कारण होतं. दुसरं असं की, कुणीतरी खोडसाळपणे तक्रार केल्यामुळे कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याचं खातं चुकून पुसण्याच्या रांगेत लागलं होतं आणि ते काम पार्श्वभूमीवर चालू होतं. या ओझ्यामुळे मुख्य डेटाबेसची नक्कल ठेवणारा दुय्यम डेटाबेस मागे पडत गेला. तो नव्याने भरायचा तर आधी रिकामा करायला हवा होता. रात्री उशिरापर्यंत झगडणाऱ्या एका अभियंत्याने रिकामा करण्याची आज्ञा दिली आणि एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं की, आपण दुय्यम नव्हे, मुख्य सर्व्हरवर आहोत. त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट डेटा उरला होता.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीसाठीचा निघाला. तो दररोज अयशस्वी होत होता. अपयशाची सूचना देणाऱ्या ईमेल सहीची पडताळणी न झाल्याने वाटेतच नाकारल्या जात होत्या. डिस्कच्या प्रतिमा घेण्याची सोय डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी चालूच केलेली नव्हती. कंपनीला वाचवलं ते एका योगायोगाने. सुमारे सहा तास आधी कुणीतरी वेगळ्याच चाचणीसाठी हाताने एक प्रत काढून ठेवली होती. ती प्रत काढणारा माणूस म्हणजे रात्री डेटा पुसणारा तोच अभियंता. सेवा पूर्ववत व्हायला १८ तासांच्या आसपास लागले आणि मधल्या सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या.

या घटनेचा कर्ता कोण?

पुण्यात हिंजवडीला किंवा खराडीला संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या कुणालाही ‘आरसीए’ (रूट कॉज अॅनालिसिस, मूळ कारणाचा शोध) म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. यंत्रणा कोसळली की अहवाल मागवला जातो आणि त्या अहवालात ‘मूळ कारण’ नावाचा एक रकाना असतो. रकाना एक, म्हणून कारणही एकच. त्यात ‘मानवी चूक’ असं लिहिलं की सगळ्यांची सुटका होते, फक्त त्या माणसाची होत नाही. गिटलॅबच्या बाबतीतही ते लिहिता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. आज्ञा त्यानेच दिली होती. पण त्या दोन शब्दांत बंद पडलेला बॅकअप बसत नाही, न पोहोचलेल्या ईमेल बसत नाहीत आणि सहा तास आधी काढलेली प्रत तर मुळीच बसत नाही. डेटा गेल्याचं कर्तेपण ज्याच्या माथी मारायचं, तो वाचल्याचं कर्तेपणही त्याचंच आहे.

हा पेच संगणकाने जन्माला घातलेला नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात, तेराव्या श्लोकापासून पुढे, श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतात की कोणतंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं म्हणजे साधनं, वेगवेगळ्या चेष्टा म्हणजे क्रिया आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही करतो, ते न्याय्य असो वा अन्याय्य, त्यामागे ही पाचही असतात. असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असा निर्वाळा सोळाव्या श्लोकात दिला आहे. या यादीत कर्त्याचं स्थान लक्षात घेण्यासारखं आहे. तो वगळलेला नाही आणि एकटाही ठेवलेला नाही. पाचांत एक, एवढीच त्याची जागा.

या पाचांचा अर्थ लावण्यात परंपरेत दोन वाटा दिसतात. शंकराचार्य हा सगळा पसारा देहाच्या आत पाहतात: अधिष्ठान म्हणजे शरीर, करणं म्हणजे इंद्रियं, चेष्टा म्हणजे प्राण-अपानादी वायूंचे व्यापार आणि दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या आदित्यादी देवता. ज्ञानेश्वरांचं विस्तृत विवेचनही देहापासूनच सुरू होतं. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळक मात्र अधिष्ठानाचा अर्थ स्थान असा करतात आणि करणांचा साधनं असा. त्यामुळे सारं विवेचन देहाबाहेर, जगाच्या व्यवहारात येऊन उभं राहतं. अनेक माणसांनी मिळून चालवलेल्या यंत्रणेचा विचार करायचा तर ही दुसरी वाट अधिक कामाची आहे.

त्या वाटेने गिटलॅबची रात्र पाहिली तर चित्र पालटतं. अधिष्ठान म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या पडद्यांवर एकसारख्या नावांनी वावरणारे दोन सर्व्हर. कर्ता म्हणजे थकलेला अभियंता. करण म्हणजे ‘खरंच पुसू का?’ असं न विचारता पुसून टाकणारी आज्ञा. चेष्टा तर किती तरी जणांच्या: स्पॅम करणाऱ्यांच्या, खोटी तक्रार करणाऱ्याच्या, कधीकाळी बॅकअपची मांडणी करणाऱ्याच्या. आणि दैव म्हणजे ती सहा तास आधीची प्रत. गिटलॅबने हे सगळं स्वतःच जाहीर केलं. दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं, नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि सुधारणांची यादी दिली. कोणता सर्व्हर मुख्य आणि कोणता दुय्यम हे पडद्यावरच्या रंगावरून कळावं, अशी साधी सूचनाही त्या यादीत होती.

यंत्रणांचा अभ्यास करणारेही अशाच निष्कर्षाला आले, पण वेगळ्या रस्त्याने. थ्री माइल आयलंड इथल्या अणुवीज केंद्रात १९७९ साली झालेल्या अपघातानंतर समाजशास्त्रज्ञ चार्ल्स पेरो यांनी १९८४ मध्ये ‘नॉर्मल अॅक्सिडेंट्स’ हे पुस्तक लिहिलं. ज्या यंत्रणेचे भाग एकमेकांत गुंतलेले आणि घट्ट बांधलेले असतात, तिथे अपघात हा तिच्या रचनेचाच एक परिणाम असतो, असं त्यांनी मांडलं. भूलतज्ज्ञ डॉ. रिचर्ड कुक यांनी १९९८ साली अठरा मुद्द्यांचं एक छोटं टिपण लिहिलं. गुंतागुंतीच्या यंत्रणा का कोसळतात हा त्याचा विषय. अशा यंत्रणेत दोष सतत दबा धरून असतातच. मोठा अपघात होण्यासाठी अनेक लहान अपयशं एकत्र यावी लागतात. म्हणून एकच ‘मूळ कारण’ शोधणं हेच मुळात चुकीचं, असं कुक यांचं म्हणणं. शस्त्रक्रियागृहात उभं राहून लिहिलेलं हे टिपण आज सर्व्हर सांभाळणारी माणसं पाठ केल्यासारखं सांगतात.

गीतेच्या पाच कारणांत सर्वांत अवघड दैव. ते मान्य केलं की विचार थांबतो, अशी भीती वाटते. ‘नशिबात होतं’ म्हटल्यावर पुढे काय बोलायचं? पण याज्ञवल्क्यस्मृतीत दैवाची एक व्याख्या आहे आणि ती विलक्षण आहे. कार्यसिद्धी दैव आणि पुरुषार्थ या दोहोंवर अवलंबून असते, असं सांगून स्मृतिकार लगेच म्हणतात की, पूर्वदेहात केलेला आणि आता प्रकट झालेला पुरुषार्थ म्हणजेच दैव. म्हणजे दैव आभाळातून पडत नाही. तेही कुणीतरी केलेलंच असतं. फक्त करणारा आता ओळखू येत नाही.

नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली कंपनीला हे १ ऑगस्ट २०१२ रोजी अनुभवाला आलं. न्यूयॉर्क शेअर बाजारात त्या दिवशी नवी योजना सुरू होणार होती. त्यासाठीचा नवा कोड कंपनीने आपल्या आठ सर्व्हरांवर चढवायला घेतला. सातांवर तो चढला, आठव्यावर राहून गेला. चढवणाऱ्याचं काम दुसऱ्या कुणी तपासावं, अशी लेखी पद्धतच नव्हती. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड तसाच पडून होता. त्याचा वापर २००३ मध्येच थांबला होता. २००५ मध्ये कोडची फेररचना करताना, मागणी पूर्ण झाली की थांबायचं, हे सांगणारा त्यातला भाग दुसरीकडे हलवला गेला. आणि २०१२ मध्ये नव्या कामासाठी जो संकेत निवडला, तो नेमका पॉवर पेगला जागं करणारा जुनाच संकेत होता. बाजार उघडला. थांबणं विसरलेला कोड खरेदी-विक्री करत सुटला. ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून जास्त रक्कम बुडाली. गोंधळात अभियंत्यांनी उरलेल्या सात सर्व्हरांवरचा नवा, बरोबर असलेला कोड काढून टाकला. मग तिथलाही पॉवर पेग जागा झाला आणि आग अधिकच भडकली. बाजार उघडण्याआधी यंत्रणेने आपणहून ९७ ईमेल पाठवल्या होत्या. त्या इशारा म्हणून तयार केलेल्या नसल्याने कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

२००३ मध्ये वापर थांबवणाऱ्याने कोड का काढला नाही? २००५ मध्ये फेररचना करणाऱ्याने पॉवर पेगची चाचणी का घेतली नाही? तेव्हा त्यातल्या प्रत्येकाला आपण करतोय ते पुरेसं वाटलं असणार. त्या सकाळी खुर्चीवर बसलेल्यांच्या दृष्टीने मात्र ते दैव होतं, पूर्वदेहातलं. फरक इतकाच की संगणकाच्या यंत्रणेत पूर्वदेह वाचता येतो. जुना कोड, बदलांच्या नोंदी, सोडून गेलेल्यांनी लिहिलेले निरोप हे सगळं तिथेच असतं. या दैवाचा अभ्यास करता येतो, म्हणून तो करणं हे कर्तव्य ठरतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. कर्तेपण पाच ठिकाणी वाटून टाकलं, तर जबाबदार कुणालाच धरता येणार नाही. गीतेचा पुढचाच, सतरावा श्लोक या शंकेत भर घालतो. ज्याच्या ठायी अहंकाराचा भाव नाही, ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याने लोकांना मारलं तरी तो मारत नाही आणि बांधलाही जात नाही, असं तो सांगतो. हे वचन एखाद्या मोठ्या संस्थेच्या संचालकाच्या हाती पडलं तर? ‘यंत्रणा गुंतागुंतीची होती, दोष कुणा एकाचा नव्हता’ या वाक्यामागे सगळं कार्यालय लपू शकतं.

ब्रिटनमध्ये हे घडून गेलं आहे. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक यंत्रणा शाखाशाखांत बसवली. ती पुरवणारी आणि सांभाळणारी कंपनी फुजित्सू. गावोगावच्या छोट्या शाखा चालवणाऱ्या सबपोस्टमास्तरांच्या हिशेबात अचानक तूट दिसू लागली. ती त्यांनी खिशातून भरायची. मदतीसाठी फोन केला की अनेकांना एकच उत्तर मिळे: असं फक्त तुमच्याकडेच होतंय. २०१५पर्यंत ९००हून अधिक लोक चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. बहुसंख्य खटले खुद्द पोस्ट ऑफिसनेच चालवले होते. भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा यांना नोव्हेंबर २०१० मध्ये १५ महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. अॅलन बेट्स यांच्या पुढाकाराने ५५५ जण न्यायालयात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते आणि त्यामुळे हिशेबात तूट दिसू शकत होती, असा निकाल दिला. शाखेच्या हिशेबात बाहेरून फेरफार करता येत नाही, असं पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं सांगत आलं होतं. तेही खोटं ठरलं. एप्रिल २०२१ मध्ये ३९ जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, त्यांत सीमा मिश्रांचीही होती. उरलेल्या शेकडो जणांसाठी २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करावा लागला.

खटले चालू असताना पोस्ट ऑफिसच्या लेखी एकच कारण होतं: कर्ता. यंत्र निर्दोष, कार्यपद्धती निर्दोष, दूरवरून हिशेबाला हात लावू शकणारे अभियंते जणू अस्तित्वातच नाहीत. उरला तो काउंटरमागे बसलेला माणूस. पुढे या प्रकरणाची चौकशी करणाऱ्या सर विन विल्यम्स यांच्यासमोर वरिष्ठांच्या साक्षी सुरू झाल्या, तेव्हा ‘मला तसं सांगण्यात आलं नव्हतं’, ‘आता आठवत नाही’ ही उत्तरं वारंवार ऐकू आली. खालच्या माणसाच्या वाट्याला सगळं कर्तेपण आणि वरच्याच्या वाट्याला सगळं अकर्तेपण. पंचकारणांचा विचार या दोन्हींना छेद देतो. सबपोस्टमास्तर एकटा कर्ता नव्हता, हे तो सांगतो. आणि अधिष्ठान व करणं ही आपोआप उगवत नाहीत, ती कुणीतरी निवडलेली, विकत घेतलेली, दोष ठाऊक असूनही चालू ठेवलेली असतात, हेही तोच विचार उघड करतो.

सतराव्या श्लोकाचा आसरा या वरिष्ठांना घेता येत नाही, याचं कारण त्याच अध्यायात आहे. पुढे पंचविसाव्या श्लोकात तामस कर्माचं लक्षण येतं: मागाहून होणारे परिणाम, नाश, इतरांना होणारी इजा आणि स्वतःची कुवत या चार गोष्टींचा विचार न करता मोहाने आरंभलेलं कर्म. एखादा बदल चालू यंत्रणेवर चढवण्याआधी जे विचारायला हवं ते सगळं यात आहे. याच्याशी आणखी काय काय जोडलेलं आहे? बिघडलं तर काय नष्ट होईल? कुणाला इजा होईल? ते निस्तरण्याची ताकद आपल्याकडे आहे का? लगेच सव्विसाव्या श्लोकात सात्त्विक कर्ता येतो. तो आसक्तीतून सुटलेला आहे, ‘मी मी’ म्हणत नाही, पण धैर्याने आणि उत्साहाने भरलेला आहे. म्हणजे अहंकार सोडणं आणि परिणामांचा विचार करणं या गोष्टी गीतेने शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. ज्याने दुसरी केली नाही, त्याला पहिलीचं फळ मागता येत नाही. शिवाय हे सारं अर्जुनाला सांगितलं जातं ते काम हातात घ्यायच्या आधी. झालेल्या नुकसानीनंतर अंग काढून घेण्यासाठी सांगितलेलं हे तत्त्वज्ञान नव्हे.

म्हणूनच दोष न देता घडलं ते तपासण्याची जी रीत इटसी कंपनीच्या जॉन ऑलस्पॉ यांनी २०१२ मध्ये लिहून लोकप्रिय केली आणि जी गूगलसारख्या कंपन्यांत आज रुळली आहे, तिच्याकडे सौम्यपणा म्हणून पाहणं चुकीचं आहे. तिचा हेतू सत्य हाती लागावं हा आहे. शिक्षेची भीती असलेला माणूस नेमकं काय पाहिलं, काय गृहीत धरलं, कोणती खिडकी उघडी होती, हे सांगत नाही. आणि ते कळलं नाही तर अधिष्ठानातला दोष जिथल्या तिथे राहतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची यादी अभयापासून सुरू होते; सत्य त्यानंतर येतं. व्यवहारातही क्रम तोच आहे. मात्र अभयाच्या बदल्यात संस्थेलाही काही द्यावं लागतं. ज्याच्या हाती नियम, पैसा आणि वेळ आहे, त्याने सापडलेला दोष दुरुस्त केला पाहिजे आणि केला की नाही ते उघडपणे सांगितलं पाहिजे. अभय चुकणाऱ्याला आहे. कळूनही दडवणाऱ्याला नाही. होरायझनच्या प्रकरणात सर्वांत मोठा अपराध कोडमधला दोष हा नव्हता. दोषाची माहिती असताना माणसं तुरुंगात जाऊ दिली, हा होता.

कर्ता कोण, हा प्रश्न न्यायालयांपर्यंतही पोहोचतो. इंग्लंडमध्ये १९८४च्या कायद्यानुसार संगणकाची नोंद पुरावा म्हणून मांडताना तो नीट चालत होता हे दाखवावं लागे. १९९९च्या कायद्याने ती अट काढून टाकण्यात आली आणि उलट सिद्ध होईपर्यंत संगणक बरोबरच, असं गृहीत धरलं जाऊ लागलं. होरायझनचे खटले याच गृहीतकावर उभे राहिले. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याच्या फेरविचारासाठी लोकांची मतं मागवली. भारतात १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार संगणकीय नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यावर यंत्राचा ताबा असलेल्या व्यक्तीची आणि तज्ज्ञाची सही लागते. अट चांगली आहे, पण ती छापील मजकुराखालच्या सहीपुरती उरण्याचा धोका मोठा आहे. सही करणाऱ्याने आधी पाहायला हवं की, ही नोंद कोणत्या यंत्रणेत जन्मली, तिला कुणाकुणाचा हात लागू शकत होता, कोणत्या साधनाने ती बदलता येत होती, आणि त्या यंत्रणेत पूर्वी सापडलेले कोणते दोष अजून तसेच आहेत. आरोपीच्या वकिलानेही हेच प्रश्न विचारावेत आणि न्यायाधीशांनी त्यांची उत्तरं मिळेपर्यंत पिंजऱ्यातल्या माणसाला एकटा कर्ता मानू नये.